नटावरची लाल रेघ

आमच्या घरमालकांचा विषय निघाला की खामगावात माणसं अजून हसतात. "ते का, वास घेत फिरणारे?" असं म्हणतात आणि नाक हुंगून दाखवतात. मला त्या हसण्याचा राग येतो. ते होते तेव्हाही यायचा. आता ते नाहीत, तर दुप्पट येतो. ते असते तर हसणाऱ्याच्या घरात शिरून त्यांनी आधी मेन स्विच पाडला असता आणि मग अंधारात त्याला शिव्या दिल्या असत्या. आता उलटून बोलणारं कुणी उरलं नाही, म्हणून सगळे मोकळे.

माझी पहिली नोकरी खामगावच्या एका शाळेत. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मी भाड्यानं घेतल्या आणि खाली हे घरमालक राहायचे. आयटीआयमध्ये वायरमनच्या पोरांना शिकवून निवृत्त झालेले. बायको आधीच गेलेली, एकुलती एक मुलगी लग्न होऊन मोताळ्याला. मी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला ना गाव विचारलं, ना जात. माझ्या इस्त्रीची पिन दोन पायांची आहे की तीन पायांची, एवढंच विचारलं. मला आठवेना. पाहून या म्हणाले आणि दार लावून घेतलं. मी लॉजवर परत गेले, पेटीतून इस्त्री काढून बघितली, पुन्हा आले आणि तीन म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे मला आत घेतलं.

माणूस गोड होता असं मी म्हणणार नाही. भांडखोर होता, आढ्यताखोर होता, आणि जगात तारेचा जोड घट्ट आवळता येणारा आपण एकटेच, अशी त्यांची पक्की समजूत होती. कुणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी हात भिंतीवरच्या बोर्डाला. तळहात नव्हे, हाताची मागची बाजू. आई लेकराचा ताप बघते तसे ते प्रत्येक पिनेचा, प्रत्येक बटणाचा ताप बघायचे. लग्नाच्या मांडवात जेवायला बसवलं तर ताट सोडून मंडपवाल्याच्या तारांमागे जायचे. सोयऱ्याधायऱ्यांनी त्यांना बोलावणं हळूहळू कमीच केलं होतं.

एकदा मी शाळेतून घरी आले, तर माझ्या खोलीत हे स्टुलावर उभे. बाईमाणसाच्या खोलीत, तिच्या माघारी, दुसऱ्या किल्लीनं! मी ताडताड बोलले. घर सोडते म्हणाले, शाळेत सांगते म्हणाले. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "झालं बोलून? हा स्क्रू पाव आटा ढिला होता." आणि स्टूल उचलून खाली निघून गेले. त्या दिवसापासून दारावर टकटक करायला मात्र लागले, एवढं श्रेय मी घेते.

त्यांचं शास्त्र साधं होतं आणि ते ऐकून घ्यायला कुणाला वेळ नव्हता. मला मात्र संध्याकाळी जिन्यात गाठून ऐकवायचे. "तार जयत नाई, मॅडम. जोड जयते." म्हणजे जळते ती तार नव्हे, जोड. तार बिचारी आपलं ओझं मुकाट वाहते, पण जिथे एका तारेला दुसरी भेटते, तिथे स्क्रू ढिला असला की वाट अरुंद होते. अरुंद वाटेत गरमी. गरमीनं स्क्रू आणखी ढिला. मग आणखी गरमी. मी विचारलं होतं, की मग फ्यूज का उडत नाही? त्यावर इतके खूश झाले की पायरीवर बसलेच. फ्यूजला फक्त किती करंट गेला तेवढं कळतं, म्हणाले. करंट नेहमीइतकाच जातोय, त्यामुळे त्याच्या लेखी सगळं बराबर. आत जोड लाल होऊन राहिला तरी फ्यूज निवांत. "ते फक्त नाकाले समजते," असं म्हणून स्वतःच्या नाकावर टिचकी मारली.

आणि नाकाला काय समजतं, तर मासळी. बोर्डाचं ते प्लास्टिक तापायला लागलं की धुराच्या आधी वास येतो, तो थेट सुकवलेल्या मासळीचा. हे त्यांनी मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, आणि मुलीला तर ती परकरात असल्यापासून. "शाकाहारी घरात मासोयीचा वास आला का मेन पाडायचा, मंग देवाले हात जोडायचे," हा त्यांच्या घरचा पाढा. आता हे ज्ञान बरोबर असलं तरी वापरायची रीत असते की नाही? आमच्या शेजारी भिक्षुकी करणारं कुटुंब होतं. भर श्रावणात हे त्यांच्या दारात उभे राहून म्हणाले, की तुमच्या घरातून मासळीचा वास येतोय. गल्ली गोळा झाली. गुरुजींनी जानवं हातात धरून शपथ घेतली. ह्यांनी तोवर आत जाऊन फ्रिजची पिन उपसून आणली. ती एका बाजूनं वितळून भजं झालेली. पण गुरुजींच्या घरानं ह्यांच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. फ्रिज वाचला, घर वाचलं, त्याचं काही नाही. मासळी म्हणाले, हे लक्षात राहिलं.

दुसरी गोष्ट नेलपेंटची. एखादा नट किंवा स्क्रू आवळला की ते त्याच्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत एक लाल रेघ ओढायचे. रेघ सरळ आहे तोवर नट जागेवर. रेघ मधून तुटलेली दिसली, की नट फिरला. रंग कुठला, तर मुलीचं नेलपेंट. ती सासरी गेल्यावर बाटली संपली, तेव्हा स्वतः बांगड्यांच्या दुकानात गेले. तिथल्या बायकांच्या गर्दीत उभं राहून एकेक रंग नखाला लावून बघितला आणि सगळ्यात भडक लाल निवडला. दुकानदारानं विचारलं, काकूंसाठी का? बायको वारलेल्या माणसाला! हे म्हणाले, नाही, मीटरच्या पेटीसाठी. त्यावरही गाव महिनाभर हसलं. डाव्या अंगठ्याचं नख लाल ठेवून ते आठवडाभर तसेच भाजी बाजारात हिंडत होते, हेही खरंच आहे.

आता घरगाडीचं सांगते. माझा राग सगळा तिथेच आहे.

जावयांनी भंगारात निघालेली एक शाळेची बस घेतली आणि तिचं चालतं घर करायचं ठरवलं. देवदर्शनाला निघालेल्या कुटुंबांना भाड्यानं द्यायची, राहणं-जेवणं सगळं गाडीत. कल्पना चांगली होती, जावई कष्टाळू होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आत पलंग, ओटा, छोटी मोरी, टीव्ही, एसी, छताला निळ्या दिव्यांची पट्टी. ओट्यामागे एक लहानसा बिछाना केला होता, तो चौथीतही न पोचलेल्या नातीचा. बघायला येणारा प्रत्येक जण सनमायकावर टिचक्या मारायचा आणि दिवे किती आहेत ते विचारायचा. आमचे घरमालक मात्र पहिल्या दिवसापासून एकच मागत होते, की प्लायवूड ठोकण्याआधी मला एकदा तारा बघू द्या. ही गाडी आहे, घाटातून जाणार, खड्ड्यांतून जाणार. भिंतीतला जोड बसून असतो, गाडीतला जोड दिवसभर हादरतो. जावई प्रत्येक वेळी हो म्हणाले आणि एक दिवस प्लायवूड ठोकून मोकळे झाले. जावयाच्या धंद्यात सासऱ्यानं नाक खुपसू नये, हा आपल्याकडचा अलिखित कायदा. फिटरही नेमका आयटीआयत ह्यांच्याच हाताखाली शिकलेला होता, त्यालाही मास्तर नकोच होते.

मग प्रश्न निघाला, की पूजा कुठली करायची? गाडी म्हटली तर गाडीपूजा, घर म्हटलं तर वास्तुशांत. घरात दोन तट पडले. शेवटी दोन्ही करायचं ठरलं. बोनेटला हार-नारळ, आत कलश. आणि घर म्हटल्यावर दूध उतू जायलाच हवं. नव्या घरात पहिलं दूध उतू गेलं की भरभराट होते, आणि ते मधेच खाली बसलं तर... ते कुणी बोलूनही दाखवत नाही. पूजा आटोपून त्याच दुपारी मुलगी, जावई आणि नात पहिल्या फेरीला निघणार होते. मोताळ्याहून घाट चढून बुलढाणा, पुढे मेहकर, आणि रात्री मुक्काम गाडीतच. घरमालकांनी मलाही सोबत नेलं होतं. बहुधा आपल्या बाजूचं कुणीतरी असावं म्हणून.

गाडी दारात उभी. घरातून एक लांब वायर ओढून गाडीत वीज घेतलेली. आत पन्नास माणसं मावतील तेवढी जागा नव्हती, पण तितकी शिरली होती. एसी जोरात, निळे दिवे चालू, टीव्हीवर आरत्या. ओट्यावर इंडक्शन शेगडी, तिच्यावर नवं पातेलं, पुढे नऊवारी नेसलेली मुलगी. गुरुजी मंत्र म्हणत होते, बायकांनी मोबाईल वर धरले होते. दूध कडेनं चढायला लागलं.

दारापाशी उभ्या असलेल्या घरमालकांनी मान वर केली. मी त्यांच्या शेजारीच होते. त्यांच्या नाकपुड्या मला दिसल्या आणि मला कळलं, आता हा माणूस काही ऐकत नाही.

"मासोयीचा वास कुठून येऊन राह्यला?"

वास्तुशांतीत, सोवळ्यातल्या गुरुजींसमोर! मुलीच्या सासूबाईंचा चेहरा उतरला. हे गर्दी फाडत ओट्यापाशी गेले, खालच्या प्लायवूडला हाताची मागची बाजू टेकवली, झटकन काढली आणि वळून मेन पाडला. एसी थांबला, टीव्ही थांबला, दिवे गेले. पातेल्याच्या काठाला टेकलेलं दूध सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली बसलं. असं काही मी आधी बघितलं नव्हतं.

सासूबाई रडायलाच लागल्या. व्याह्यांनी आमचं दूध उतू जाऊ दिलं नाही, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. ह्यांनी खिशातून पेचकस काढला. हा माणूस नातीच्या बारशालाही पेचकस घेऊन गेला होता. प्लायवूडची फळी उघडली. आत तारा एकमेकींना पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. एसी, शेगडी, गीझर, सगळ्यांचं ओझं एकाच सॉकेटवर. सॉकेटचे गाल तपकिरी झालेले, एका तारेची साल मऊ पडून काळवंडलेली, आणि तिला अगदी लागून नातीच्या बिछान्याचा फोम. मी डोळ्यांनी बघितलं. बाकीच्यांनीही बघितलं.

"टेप म्हंजे पापावर पांघरून," असं काहीतरी ते पुटपुटले. फिटर वाकून बघत म्हणाला, "एवढं तं चालतेच, सर. लोड पडला का गरम होनारच." जावई हात जोडून, अतिशय थंड आवाजात म्हणाले, की बाबा, आता तुम्ही जेवून घ्या. म्हणजे काय, ते सगळ्यांना समजलं.

तेव्हा ते मुलीकडे वळले. इतका वेळ ओरडणारा माणूस तिच्याशी अगदी हळू बोलला.

"बाई, तू सांग. तुले वास आला का नाई?"

तिनं नवऱ्याकडे बघितलं, सासूकडे बघितलं, पातेल्यातल्या दुधाकडे बघितलं. परकरात होती तेव्हापासून तो वास ओळखणारी पोर!

"नाई आला, बाबा," ती म्हणाली.

त्यांनी पेचकस खिशात टाकला. दुसऱ्या खिशातून नेलपेंटची बाटली काढली, पातेल्याशेजारी ओट्यावर ठेवली, आणि खाली उतरले. पंगत मांडलेली होती. कुणी बसा म्हणालं नाही. मीही त्यांच्यामागे निघाले. नांदुऱ्यावरून एसटीनं आम्ही उपाशी परत आलो. खामगावचं स्टँड दिसू लागलं तेव्हा ते पहिल्यांदा बोलले.

"ती खोटं बोलली, त्याचं मले काई नाई, मॅडम. तिले त्या घरात राहाचं हाय. पन तिच्या नाकपुड्या हालल्या. म्या पाह्यल्या. आता ती काई गाडी तशीच निघू देनार नाई."

गाडी खरंच निघाली नाही. पण का? तर दूध बसलं, अपशकुन झाला, म्हणून मुहूर्त पुढे ढकलला. दरम्यान फिटरनं तो जोड कापून नवा केला. म्हाताऱ्याच्या समाधानासाठी करून टाकलं, असं सांगत फिरला. मग गाडी निघाली, देवदर्शनं करून आली, पुन्हा निघाली. आजतागायत तिला काही झालेलं नाही. आणि हाच ह्यांच्याविरुद्धचा पुरावा! बघा, एवढी वर्षं गाडी धावते, काय झालं? उगाच चांगल्या कार्यात विघ्न आणलं. मी किती जणांशी भांडले असेन. अरे, झालं नाही ते त्यांनी होऊ दिलं नाही म्हणून! गाडी जळली असती तर ह्याच लोकांनी त्यांचा सत्कार केला असता. जळली नाही, म्हणून ते वेडे ठरले. आग विझवणाऱ्याला हार घालतात. आग लागूच न देणाऱ्याला मात्र पंगतीतून उठवतात.

घरमालक होते तोवर जावई पुन्हा त्या घराची पायरी चढले नाहीत. मुलगी दिवाळीला यायची, दुपारी येऊन संध्याकाळी परतायची. दोघं काय बोलत मला माहीत नाही. घरमालक बोर्डांना हात लावत, माणसांशी भांडत आणखी काही वर्षं जगले आणि छातीच्या दुखण्यानं गेले. तेराव्याला जावई आले होते. कुणीतरी त्या दुधाचा किस्सा काढलाच, आणि सगळे हसले. मी जेवणावरून उठले.

पुढे माझी नोकरी लोणार तालुक्यात आली. परवा शाळेच्या कामानं बीबीहून जाताना रस्त्याच्या कडेला घरगाड्यांची पाटी दिसली. मोकळ्या जागेत चार-पाच गाड्या उभ्या, काही बांधून होत आलेल्या. पाटीवर जावयांचं नाव. आता ते नुसत्या भाड्यानं देत नाहीत, लोकांना बांधूनही देतात. मी रिक्षा थांबवली आणि उतरले. का उतरले सांगता येत नाही. भांडायची खुमखुमी असावी.

जालन्याकडचं एक जोडपं गाडी घ्यायला आलं होतं. जावई त्यांना आतून दाखवत होते. मला ओळखून हसले, बसा म्हणाले. मग त्यांनी ओट्याखालची फळी उघडली. आता फळीला बिजागरी होती, ठोकलेली नव्हती. आत टेपचा तुकडा नाही. तारांच्या टोकांना तांब्याच्या टोप्या दाबून बसवलेल्या, शेगडीची तार वेगळी, एसीची वेगळी. आणि प्रत्येक नटावर एक भडक लाल रेघ.

"हे आमची स्वतःची पद्धत हाय," जावई गिऱ्हाइकाला सांगत होते. "रेघ तुटली का नट फिरला. कोनीच करत नाई, आपन करतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी विचारलं, की ही पद्धत कुठून शिकलात? ते न अडखळता म्हणाले, अनुभवातून, मॅडम. बाईनं, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बायकोनं, विचारलं की आग-बिग लागायची भीती नाही ना, लहान मुलं आहेत आमची. जावई हसले. इतकी वर्षं झाली, एक ठिणगी नाही, म्हणाले. मग गंमत म्हणून पुढे सांगू लागले, की आमचे सासरे होते, त्यांना तर उगाचच वास यायचे. आणि त्यांनी नाक हुंगून दाखवलं, खामगावात दाखवतात तसंच. शहाणपण घेतलं आणि माणूस टाकला! मी बोलायला तोंड उघडलं.

पण गाडीच्या मागच्या टोकाला कुणीतरी खाली बसून काम करत होतं, ते उठलं. घरमालकांची मुलगी होती. केस पिकायला लागलेले, पदर कमरेला खोचलेला, हातात नेलपेंटची बाटली. ती नवऱ्याकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. त्या गिऱ्हाईक बाईपाशी आली.

"पद्धत माह्या बाबाची हाय, ताई," ती म्हणाली. "आन् त्याइले वास उगाच येत नव्हता. त्या दिवशी मलेबी आला होता."

जावयांचा हात नाकापाशी होता, तो खाली आला. ती ओट्याखाली वाकली, आतल्या फळीला हाताची मागची बाजू टेकवून थोडा वेळ थांबली, आणि मग राहिलेल्या नटावर रेघ ओढायला बसली.